आपण म्हणजे कोण

१२ ऑगस्ट

ताई,

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, तेव्हा कान पुढे करूनच लिहायला बसलोय. फोन का केला नाही असं विचारू नकोस. फोनवर मी नुसतं "हं, हं" करतो ही तक्रार तुझीच.

छापखान्यात सध्या जपानवरच्या एका जाडजूड पुस्तकाची मुद्रितं तपासतोय. लेखक महाशय तिकडे बरीच वर्षं राहून आले, पण ऱ्हस्व-दीर्घाशी त्यांची गाठ पडलेली दिसत नाही. पानोपानी माझी लाल पेन्सिल. पण ताई, लिहिलंय काय सुंदर! बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून बागेतले माळी हिवाळ्याआधी एकेक फांदी दोरीने वर बांधून ठेवतात. एका बागेत झाडच नाही, नुसती वाळू आणि दगड, आणि लोक तिच्यासमोर लाकडी पायरीवर मुकाट्याने बसून राहतात. देवळात जाताना बूट काढायचे, खोलीत जाताना बूट काढायचे, दिवसभर तोच उद्योग. वसंतात चेरी फुलते ती जेमतेम आठवडाभर, आणि त्या आठवड्यात अख्खी ऑफिसं झाडाखाली येऊन बसतात म्हणे. मी चुका शोधायचं सोडून वाचतच बसतो, मग तेच पान पुन्हा तपासावं लागतं.

नोकरी आता संपत आली. जन्मभर दुसऱ्यांची प्रवासवर्णनं दुरुस्त केली. एकदा आपण जपानला जाऊन यावं असं फार मनात आहे. पुढच्या वसंतात पंधरा दिवस जमले तर बघू.

ही, म्हणजे तुझी डॉक्टरीणबाई, मजेत. दातांची रांग काही हटत नाही. फौजदारही मजेत. त्या मांजराचं वय झालं, पण सगळ्या घराची झडती घेतल्याशिवाय अजून झोपत नाही.

तुझा
ठोंब्या


२१ ऑगस्ट

ठोंब्या,

तुझं पत्र दुकानातच उघडलं. चाकावर भिंग घासत होते, एक डोळा त्यावर आणि एक पत्रावर. एका गिऱ्हाईकाचं डावं भिंग वाया गेलं. मालकांना सांगितलं, भावाने जपानला बोलावलंय, आज एवढं चालायचंच.

"आपण जपानला जाऊन यावं." हे वाक्य चष्मा पुसून परत वाचलं. अरे, एवढी मोठी गोष्ट आणि ती पत्राच्या शेवटी, मांजराच्या जरा आधी? असं सांगतात का कुणी?

येते. नक्की येते. मुळीच आढेवेढे घेणार नाही, कारण मी आढेवेढे घेतले की तू लगेच "बरं, राहू दे" म्हणतोस.

खरं सांगू? आई गेल्यापासून तू वर्षातून दोनदा येतोस. सकाळच्या गाडीने येतोस, संध्याकाळच्या गाडीने जातोस, आणि जेवताना घड्याळ बघतोस. मी वाढते कधी आणि बोलते कधी! पंधरा दिवस तू सलग सापडणार, पळून जायला गाडी नाही, या विचारानेच मला हसू फुटतंय.

डॉक्टरीणबाईला सांग, तुमच्या दोघांत मी लुडबुड करणार नाही. मला वेगळी खोली नको, कोपराही चालेल. मालकांना रजा मागितली. ते म्हणाले, "जपानला? तुम्ही?" त्या "तुम्ही"वर मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. रजा मिळाली.

एकच शंका. वाचनालयातून एक पुस्तक आणलं, त्यात लिहिलंय की तिकडे गरम पाण्याच्या कुंडात सगळ्या बायका एकत्र अंघोळ करतात, आणि अंगावर काहीही न घालता. हे तुला ठाऊक होतं का? ठाऊक असून लिहिलं नाहीस ना, लबाडा?

ताई


९ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र पोचलं. तुझा उत्साह बघून गंमत वाटली. बरंही वाटलं.

अजून नक्की असं काहीच नाही गं. माझी रजा, हिचा दवाखाना, सगळंच बघायचंय. आणि पुस्तकात पुढे लिहिलंय की चालणं फार पडतं. देवळं बहुतेक डोंगरावर, पायऱ्या संपता संपत नाहीत. झोपायचं जमिनीवर. जेवणात कच्चा मासा. तुला झेपेल का, असं आपलं मनात आलं. एकदम पासपोर्ट वगैरेच्या मागे लागू नकोस. घाई नको, एवढंच माझं म्हणणं.

छापखान्यातलं जुनं यंत्र बिघडलंय, त्यामुळे काम तुंबलंय. पत्र तोकडं झालं, माफ कर.

ठोंब्या


४ ऑक्टोबर

ठोंब्या,

तुझं पत्र वाचून चष्मा परत करायला आलेल्या गिऱ्हाईकाची आठवण झाली. तोही आधी हवापाण्याचं बोलतो.

झेपेल का म्हणे! दुकानाच्या माळ्यावर काचांच्या पेट्या रोज कोण चढवतं? मालक चढवतात असं तुला वाटतं? जमिनीवर मी आत्ताही झोपते, पलंगावर शिवणाचे कपडे पडलेले असतात. कच्च्या माशाचं तेवढं आपण बघू. पासपोर्टाची घाई करू नको म्हणालास, तर तो आलासुद्धा. फोटोत मी चोरी करून पकडल्यासारखी दिसते.

आणि हसू नकोस, मी जपानी शिकायला लागले. वाचनालयाच्या वरच्या खोलीत वर्ग असतो. सर पूर्वी जहाजावर इंजिनियर होते. बाकी सगळी विशीतली पोरं, त्यांना तिकडे नोकऱ्या हव्यात. सरांनी विचारलं, "तुम्हाला कशासाठी शिकायचंय?" म्हटलं, भावाबरोबर फिरायला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला काय मिरवल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

परवा सरांनी एक मजा सांगितली. जपानी बोलण्यात "मी", "तू", "आम्ही" हे बहुतेक गाळूनच टाकतात. नुसतं "उद्या जाणार" म्हणायचं. कोण जाणार ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. मी विचारलं, "सर, आणि चुकीचं ओळखलं तर?" सर म्हणाले, "तर तो माणूस सामान घेऊन स्टेशनवर उभा राहतो." आम्ही पोट धरून हसलो. आपल्या मराठीचं बरं आहे बाबा. आपण म्हणजे आपण, आम्ही म्हणजे आम्ही. गोंधळाला जागाच नाही.

बिननाडीचे बूट घेतलेत. सारखे काढायचे-घालायचे तर नाड्या कोण सोडत बसणार! घरात घालून चालायचा सराव करते. तुझा लांबचा नंबर कळव, तुझ्यासाठी नवा चष्मा करते. फुलं बघायला जायचं आणि नाकावर तो जुना ओरखड्यांचा चष्मा, असं मी चालू देणार नाही.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

तुझी ऑक्टोबरपासूनची तिन्ही पत्रं मिळाली. कामाच्या धबडग्यात उत्तर राहिलं. चष्म्याचा नंबर अजून काढलेला नाही. आम्ही मजेत. जपानचं सविस्तर लिहीन.

ठोंब्या


१८ जानेवारी

ताई,

मी पत्र लिहायला बसलेय म्हणजे नड तशीच आहे हे तुम्ही ओळखलं असेल. मला दाढ काढायला सांगा, एका झटक्यात काढीन, पण पत्र म्हटलं की हात अडखळतो. सांभाळून घ्या.

"ताईंना विचारा, ताईंना विचारा" म्हणून यांच्यामागे मी केव्हाची लागलेय. हे "विचारतो, विचारतो" म्हणतात आणि पेपरात तोंड घालतात. शेवटी म्हटलं, आपणच विचारावं.

येत्या एप्रिलमध्ये आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या निमित्ताने आम्ही दोघं पंधरा दिवस जपानला जातोय. हे यांनी कळवलं असेलच. तिकिटं कालच आली. दवाखान्याची सोय लागली, प्रश्न उरला फौजदाराचा. तो परक्या माणसाच्या हातचं खात नाही, आणि या वयात त्याला दुसरीकडे ठेवायचं म्हणजे शिक्षाच. तुम्ही येऊन राहाल का? घरही बंद राहणार नाही, तुम्हालाही जरा बदल होईल. तुमच्याखेरीज कुणाच्या हाती किल्ल्या द्याव्यात असं मला वाटत नाही. आमचं हे घर घेतलं तेव्हा तुम्ही एकदा आलात, त्यानंतर नाहीच.

तिसरा मजला आहे आणि लिफ्ट अजून झालेली नाही, तेवढीच मला काळजी वाटते. अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा.

तुमची
डॉक्टरीणबाई


२४ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

पंचवीस वर्षं त्या ठोंब्याबरोबर काढलीस, तुला जपान काय, चंद्रावर पाठवलं तरी कमीच. खूप आनंद झाला. दोघं भरपूर हिंडा.

मी येईन. रजा मी आधीच घेऊन ठेवली होती, ती कामी आली. फौजदाराला काय आवडतं ते कागदावर लिहून फ्रिजवर लाव. तिसऱ्या मजल्याची काळजी नको, मला जिन्यांची सवय आहे.

ताई


२४ जानेवारी

ठोंब्या,

एक वाईट बातमी. गेले काही दिवस गुडघा फार दुखतोय. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, लांबचा प्रवास करू नका, चढउतार तर नाहीच नाही. तेव्हा माझं जपान राहिलं. तुम्ही दोघं जा. माझ्यासाठी बेत पुढे ढकलू नका, मला ते आवडणार नाही.

जपानी वर्ग सोडला. गुडघ्यामुळे वर्गाचा जिना चढवत नाही.

तुमचं घर आणि मांजर मी सांभाळणार आहे, असं आत्ताच डॉक्टरीणबाईला कळवलं. गुडघ्याचं तिला बोलू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल. मीही येणार होते, हेसुद्धा नको सांगूस.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

पत्र वाचून फार वाईट वाटलं. तू बरोबर असतीस तर मजा आली असती. तुझ्यासाठी बेत पुढे ढकलावा असंही मनात आलं, पण तिकिटं हातात आलीत, आणि तूच नको म्हणतेस. तू पहिल्यापासून समजूतदार. गुडघ्याला शेक देत जा, हलगर्जीपणा नको.

हिला मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी नक्की आपण सगळे जाऊ.

खूप दिवसांनी आज मोकळेपणाने लिहितोय. चष्म्याचा नंबर सोबत पाठवतोय. जमलं तर कर, त्रास घेऊ नकोस.

ठोंब्या


११ एप्रिल, जपान

ताई,

चष्मा नाकावर आहे. लांबचं इतकं स्वच्छ मी कित्येक वर्षांत बघितलेलं नाही.

फुलं आहेत. पुस्तकात होती त्याहून जास्त आहेत. कालव्याच्या काठाने झाडंच झाडं, वारा आला की पाकळ्या पाण्यावर पडतात आणि पाणी दिसेनासं होतं. खाली माणसं डबे उघडून बसलेली. वाळूच्या बागेसमोरही जाऊन बसलो. पण तुला हे सांगायला लिहीत नाहीये.

काल एका डोंगरावरच्या देवळात गेलो. पायऱ्या खूप होत्या. मी मध्येच दम खायला थांबलो, तर ही म्हणाली, "तुमच्यापेक्षा ताई बऱ्या. घर सांभाळायला आल्या त्या दिवशी बॅग घेऊन तीन मजले कशा सरसर चढल्या! मी हात पुढे केला तर बॅग देईनात." मी म्हटलं, "आणि गुडघा?" ती म्हणाली, "कसला गुडघा?"

ताई, त्या दिवशी मी दारातच उभा होतो. तू वर आलीस, चपला काढल्यास, मांजराला उचललंस. मी सगळं बघत होतो आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. दिसायला नको होतं, म्हणून दिसलं नसेल.

तिथेच पायरीवर बसून हिला सगळं सांगितलं. पहिल्या पत्रापासून. मी ते वाक्य लिहिलं तेव्हा माझ्या मनात मीच होतो गं. माणूस स्वतःशी बोलतो तसलं ते "आपण" होतं. फार तर मी आणि ही. तू त्याचा सगळ्यात मोठा अर्थ घेतलास. दुसऱ्या कुणाच्या मुद्रितात असलं दुहेरी अर्थाचं वाक्य दिसतं तर मी समासात प्रश्नचिन्ह केलं असतं. माझ्या स्वतःच्या पत्राचं मुद्रित कोण तपासणार?

तुझं उत्तर आलं तेव्हाच एक ओळ लिहायला हवी होती. लिहायला बसायचो. पण मग तुझा वर्ग आला, तुझे बूट आले, आणि दर पत्राला ती ओळ आणखी अवघड होत गेली. शेवटी तुझा गुडघा दुखला तेव्हा, लाज वाटते सांगायला, मला सुटल्यासारखं झालं.

ही सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मला एकदा सांगितलं असतंत तर तिसरं तिकीट काढलं असतं. ताई मला जड झाल्या असत्या का?" मी म्हटलं, "मला वाटलं, तुला आपल्या दोघांचंच हवं असेल." तर म्हणाली, "मला विचारलंत कधी?" तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. इतकं सोपं होतं, ताई. दोघींपैकी एकीला जरी खरं सांगितलं असतं, तरी आज आपण तिघं त्या पायऱ्यांवर असतो.

मी चुकलो. पुढच्या वसंतात तू आणि मी येऊ. यात कुठेही "आपण" लिहीत नाही. तू आणि मी. तिकिटं मी काढतो, तू फक्त हो म्हण.

ठोंब्या


३ मे

ठोंब्या,

मी होते तुझ्या घरात, आणि पत्र पाठवलंस माझ्या पत्त्यावर! म्हणजे मी तुझ्या दारातून बाहेर पडेपर्यंत मला ते मिळायला नको. तुम्ही परत आलात त्या दिवशी डॉक्टरीणबाईने मला मिठी मारली आणि रडली, तेव्हा मला वाटलं प्रवासाचा शीण. तू बॅगा मोजत उभा होतास, वर बघितलं नाहीस. आता कळलं.

रागावले आहे. रागावले नाही असं लिहिणार होते, पण खोटं एकदा लिहून झालंय, पुरे. डॉक्टरीणबाईचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानातून लवकर घरी आले आणि ते बूट खोक्यात घालून टाकले. वर्गातल्या पोरांना सांगावं लागलं की भावाचा बेत बदलला. सगळ्यात लहान पोरगी म्हणाली, "मग तुम्ही आमच्याबरोबर चला." मला तिच्यासमोर रडू आलं. या वयात पोराटोरांसमोर रडायला कसं वाटतं ते तुला कळायचं नाही.

आणि तू अजूनही चुकतोयस. मला जपान बघायचं होतं असं तुला वाटतं. अरे, मला तू हवा होतास. तू जपान म्हणालास म्हणून जपान. पलीकडच्या गल्लीत पंधरा दिवस राहू म्हणाला असतास तरी मी वर्ग लावला असता.

तर ते पंधरा दिवस मी तुझ्या घरात काढले. सगळं होतं, तू तेवढा नव्हतास. तुझी खुर्ची खिडकीशी असते आणि पाठीला उशी लागते, हे मला माहीत नव्हतं. पाठ कधीपासून दुखते? स्वयंपाकघराच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्या दिसल्या. त्याही कधीपासून? पेन्सिलींचे तुकडे तू बरणीत साठवतोस. टाकवत नाहीत ना? बाबांनाही टाकवायचे नाहीत. फौजदार पहिल्या दिवशी जेवला नाही, दुसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिले. दोघंही तुझीच वाट बघत होतो, आणखी काय!

एक गोष्ट सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण तू तिकिटाचं लिहिलंस, तेव्हा सांगते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी समोरच्या बाई भेटल्या. चांगल्या आहेत. तू जिना चढताना गाणं गुणगुणतोस, हे त्यांनीच मला सांगितलं. तुम्ही राहायला आलात तेव्हापासून त्या तुमच्या समोर राहतात. तुझी पाठ, तुझ्या गोळ्या, मांजराचं दुखणं, त्यांना सगळं ठाऊक. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी म्हटलं, "बहीण." त्या म्हणाल्या, "यांना बहीण आहे?"

मी हसले आणि दार लावून घेतलं.

तिकिटं काढू नकोस. आधी समोरचं दार वाजव आणि त्या बाईंना सांग, की तुला बहीण आहे.

ताई